भासऱ्यांनी बोलणं टाकलं, म्हणून विनोद लिहायचं सोडू का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी वाशीम जिल्ह्यात कारंज्याजवळच्या एका गावात राहते. तालुक्याच्या पतसंस्थेत लिपिक आहे, पगार ९,००० रुपये. जिल्ह्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत दोन वर्षांपासून वऱ्हाडीत विनोदी सदर लिहिते. पहिलं वर्ष फुकट लिहिलं, आता लेखाला ३०० रुपये देतात. पुरवणीवाले कधीकधी माझी वऱ्हाडी ‘सुधारतात’. गावात लोक पानठेल्यावर मोठ्यानं वाचतात. मागच्या महिन्यात माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, रोह्यांना (नीलगायींना) अडवायला वावराच्या कुंपणाला झटका मशीन लावली आणि त्यांनाच झटका बसला, त्यावर मी लेख लिहिला. नाव बदललं होतं. तरी गावानं त्यांचं नाव ‘झटकेबुवा’ पाडलं. तेव्हापासून ते आमच्या घरी येत नाहीत, माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, लिहिणं बंद कर. इकडे एक प्रकाशक म्हणतात, पुस्तक काढू, ४५,००० रुपये द्या, ३०० प्रती तुम्हाला देऊ. त्यांनी पाठवलेल्या करारात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं वाक्य आहे. अमेरिकेत विनोदी सदर लिहिणारे त्यावरच जगतात म्हणे, म्हणून नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावं असंही मनात येतं. काय करू? सोबत त्या लेखाचं कात्रण आणि इतरही काही कात्रणं पाठवते.

उत्तर

ताई, कात्रण पाठवलंत हे फार बरं केलं. तुम्ही विचारलंय पैशांचं, नोकरीचं आणि पुस्तकाचं, पण जीव अडकलाय तो भासऱ्यांच्या अबोल्यात. म्हणून तिथूनच बोलू.

तुम्हाला लिहिता येतं, हे आधी सांगते. मध्यरात्री वावरात उभे असलेले भासरे आणि समोर रोही, तिथं तुम्ही लिहिलंय: ‘बॅटरीच्या उजेडात रोही त्याईले पाह्ये, ते रोह्याले पाह्यत, अन् दोघायच्याही डोयात एकच सवाल, हे वावर हाये कोनाचं?’ हे वाक्य कोणी शिकवून येत नाही. रात्रीच्या पाळीत लाईन येते म्हणून ओलिताला जागणारा, सोयाबीन निघेपर्यंत मचाणावर झोपणारा प्रत्येक माणूस त्या वाक्यात आहे. तो हसतो आणि हसता हसता त्याला आपल्या वावराची काळजीही आठवते. लेखाचा पहिला अर्धा भाग असाच आहे, आणि तो उत्तम आहे.

पुढच्या भागात मात्र रोही निघून जातो, रात्र निघून जाते, वावरही दिसत नाही. उरतात फक्त तुमचे भासरे. ते कसे उडाले, चिखलात कसे बसले, धोतर कसं सुटलं, शेजारचे बॅटऱ्या घेऊन कसे जमले. आधी वाचक एका परिस्थितीला हसत होता, आता तो एका माणसाला हसतोय. गावानं नाव पाडलं ते या दुसऱ्या भागामुळे. पहिल्या भागातून कोणाला नाव पडलं नसतं.

तुमच्याकडे पोळ्याला झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवनं, होतातच. बैल सजवून तोरणाखाली उभे असतात आणि एकेक जण पुढं होऊन झडती म्हणतो. वर्षभरात गावात जे झालं ते सगळं तिथं निघतं. बोगस बियाणं, पडलेला भाव, अर्धवट राहिलेला पांदण रस्ता, कोणाची कंजुषी, कोणाची मिजास. शेवटी ‘हर हर महादेव’ झालं की ज्याच्यावर झडती होती तोही हसत बैल घेऊन घरी जातो. तो राग वर्षभर कोणी धरून बसत नाही. यामागचं कारण मला असं वाटतं की झडती तोंडावर म्हटली जाते. म्हणणारा स्वतःचे बैल घेऊन त्याच रांगेत उभा असतो, आणि ज्याच्यावर म्हटली त्याला लगेच पुढं येऊन उत्तराची झडती टाकता येते. छापलेल्या सदराला हे जमत नाही. तुमच्या भासऱ्यांना तुमचा लेख पानठेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला, चार माणसांत, आणि उत्तर द्यायला त्यांच्या हातात काहीच नव्हतं. झटका बसल्याचं दुःख त्यांना नसेल. घरच्या सुनेनं आपल्याला आधी सांगितलं नाही, हे दुखलं असेल.

तेव्हा त्यांच्याकडे जा. पेपरात दिलगिरी छापू नका, ती पुन्हा पानठेल्यावरच वाचली जाईल. नवऱ्याला सोबत घ्या, सासूबाईही आल्या तर फारच चांगलं. बसा, चहा घ्या आणि सरळ म्हणा, दादा, छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवायला हवं होतं. मग त्यांनाच विचारा की त्या रात्री नेमकं झालं काय. माझी खात्री आहे की तुमच्या लेखात नसलेलं बरंच काही त्यांच्याकडून निघेल. मशीनचे पैसे कसे जमवले, आधी किती रात्री जागून काढल्या, वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज केला त्याचं काय झालं. ते हो म्हणाले तर पुढच्या रविवारचं सदर त्यांच्या तोंडून लिहा. झडतीला उत्तराची झडती. ज्या गावानं नाव पाडलं, त्या गावाला त्यांचं म्हणणं ऐकू द्या. ते नाही म्हणाले तर त्यांना सदरातून कायमचं वगळा, आणि ते वगळलंय हे त्यांना सांगा.

इथून पुढं ओळखू येईल अशा साध्या माणसावर लेख असेल, नातेवाईक असो, मजूर असो, शेजारीण असो, तो आधी त्याला वाचून दाखवा. परवानगी मागायला संकोच करू नका. मात्र हाच नियम सरपंच, आमदार, बाजार समितीचे संचालक यांना लावू नका. ज्यांच्या हातात लोकांचा पैसा आणि सत्ता आहे त्यांच्या कारभारावर लिहायला त्यांची परवानगी लागत नाही. तिथं लागते ती माहितीची खात्री. ठराव कधी झाला, पैसा किती आला, काम कुठं थांबलं, हे कागदावर बघा आणि मग हसवा. त्यांच्या कारभारावर लिहा, त्यांच्या घरातल्या गोष्टींवर लिहू नका. नाव बदललं म्हणजे सुटलो असं मात्र समजू नका. माणूस ओळखू येत असेल तर बदनामीची तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य त्यातून वगळलं आहे, पण सत्य सिद्ध करायचं ओझं लिहिणाऱ्यावर येतं. म्हणून कागद जपून ठेवा.

आपल्याच मातीतलं एक मोठं उदाहरण सांगते. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. त्यांचं कीर्तन म्हणजे लोकांशी केलेली प्रश्नोत्तरं असत. कर्ज काढून लग्न करणं, देवापुढं बोकड कापणं, दारू, अस्वच्छता, यांवर ते असे बोलत की हजारोंचा जमाव हसायचा आणि त्याच जमावात बसलेल्या कर्जबाजारी बापाला कळायचं की हे आपल्याबद्दल आहे. नाव घेतलेलं नसे, शेजाऱ्यानं त्याच्याकडे बोट दाखवावं असं काही बोललेलं नसे. विनोदाचा रोख प्रथेवर होता. तुमच्या लेखाचा पहिला अर्धा भाग याच वाटेवरचा आहे.

आता नोकरी. सोडू नका. महिन्याला चार लेख धरले तर तुमच्या हाती १,२०० रुपये येतात, आणि पतसंस्थेत ९,०००. हा हिशेब उघड आहे, पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. पोट सदरावर आलं की संपादकाला आवडेल तेच लिहावं लागतं. जाहिरातदाराची मर्जी सांभाळावी लागते. जागा भरायची म्हणून एखाद्या आठवड्यात कच्चा लेख पाठवावा लागतो. विनोदाला हे तिन्ही मारक आहेत. शिवाय पतसंस्थेच्या खिडकीवर जी माणसं येतात, व्याजमाफीची चौकशी करणारी, जामीनदार शोधणारी, मार्च एंडला तोंड चुकवणारी, ती घरात बसून तुम्हाला कुठून मिळणार? फक्त खातेदाराची कुठलीही गोष्ट लेखात आणू नका. तो विश्वासाचा प्रश्न आहे आणि नोकरीचाही.

मराठी विनोदी लेखनाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) नागपुरात जन्मले आणि त्यांनी वकिली केली ती आपल्या वऱ्हाडात, खामगाव, जळगाव जामोद या भागात. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही माणसं घेऊन त्यांनी सणवार, ज्योतिष, लग्नाच्या रूढी यांवर लिहिलं. घर वकिलीवर चालत होतं, म्हणून लेखणी कोणाच्या दाराशी बांधावी लागली नाही. आज राज्य शासनाचा विनोदी वाङ्मयाचा पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात मराठी विनोदाचा पाया घातला गेला, हे लक्षात असू द्या. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत विनोदी सदर लिहिणारे त्यावरच जगतात. काही जगले, खरं आहे. एर्मा बॉम्बेक नावाची बाई ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळ राहायची. घर, मुलं, धुणीभांडी यांवर लिहायची. १९६४ मध्ये तिला स्थानिक साप्ताहिकात एका लेखाचे ३ डॉलर मिळत. पुढं तेच सदर ९०० पेक्षा जास्त वृत्तपत्रांत येऊ लागलं. हे घडलं ते तिकडच्या सिंडिकेट व्यवस्थेमुळे. एक संस्था तोच लेख शेकडो पत्रांना विकते, प्रत्येक पत्र थोडे पैसे देतं आणि लेखकाला त्यातला वाटा मिळतो. मराठीत असं जाळं नाही. त्यामुळे इथं सदर लिहिणाऱ्याचं उत्पन्न अनेक छोट्या वाटांनी येतं आणि ते गोळा करण्यात वेळ जातो.

त्या वाटा थोडक्यात सांगते. दिवाळी अंकांसाठी लेख पावसाळा लागता लागताच पाठवावा लागतो, गणपतीनंतर पाठवला तर उशीर होतो. आकाशवाणीच्या अकोला केंद्राला तुमच्या वाचनाचा नमुना पाठवा, तुमची भाषा कानाची आहे. शारदोत्सव, दुर्गोत्सव आणि कॉलेजची स्नेहसंमेलनं यांत कथाकथनाला बोलावतात. तिथं जायच्या आधी फोनवरच दोन गोष्टी विचारा, मानधन किती आणि रात्री परत पोचवणार कोण. हे विचारणं उद्धटपणाचं नाही. शाल-श्रीफळ देणाऱ्या आयोजकानं मंडपवाल्याला पैसे मोजलेलेच असतात.

सदराच्या मानधनाचंही बोला. वाचक आहेत, गावोगाव वाचलं जातं, हे संपादकांना माहीत आहे. पत्र लिहून ५०० मागा. नाही म्हणाले तर निदान एवढं लेखी घ्या की लेखाचे हक्क तुमचे. तसं कायद्यानंही ते तुमचेच आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही त्या दैनिकाच्या नोकर नाही, त्यामुळे लेखाच्या पहिल्या मालक तुम्ही. सही करून लेखी दिल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. म्हणजे आज वाशीमकडे छापलेला लेख उद्या दुसऱ्या भागातल्या नियतकालिकाला, आधी कुठं आला होता ते सांगून, देता येतो. याची एक वही करा. लेखाचं नाव, तारीख, कुठं छापला, पैसे आले की नाही. कात्रण त्याच दिवशी कापून ठेवा, पुरवणी रद्दीत गेली की कोणी शोधून देत नाही. कोणी मानधनातून कर कापला तर त्याचीही नोंद करा, विवरणपत्र भरून तो परत मागता येतो.

दर आठवड्याच्या सदराचं खरं कष्टाचं अंग म्हणजे न चुकता लिहिणं. वेचणीचे दिवस, घरातलं आजारपण, मार्च एंड, यांत लेख सुचत नाही. म्हणून तारखेला बांधलेले नसतील असे तीन-चार लेख कायम राखीव ठेवा. हात मोकळा असताना लिहिलेला लेख बहुधा जास्त चांगलाही उतरतो.

भाषेबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय की पुरवणीवाले कधीकधी तुमची वऱ्हाडी ‘सुधारतात’. हे चालू देऊ नका. पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ ही आख्खी कादंबरी वऱ्हाडीत आहे आणि ती विदर्भाबाहेर वाचली गेली. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी वऱ्हाडी विनोदी कविता गावोगावच्या मंचावर नेली, तिथं कोणी अर्थ विचारायला उभं राहिलं नाही. मात्र तुमच्या बाजूनं एक शिस्त पाळा. एका लेखात ‘राह्यला’, दुसऱ्यात ‘रायला’, तिसऱ्यात ‘राहिला’ असं होतंय. एकच लेखन ठरवा आणि संपादकांना कळवा, म्हणजे मुद्रितशोधकाला बदलायचं कारण उरणार नाही.

आता त्या पुस्तकाचं. ४५,००० भागिले ३००, म्हणजे एक प्रत तुम्हाला १५० रुपयांना पडते. पुस्तकाची किंमत २०० ठेवली आणि तुम्ही स्वतः गावोगाव फिरून सगळ्या प्रती विकल्या, एकही भेट दिली नाही, सवलत दिली नाही, तर १५,००० उरतील. असं कोणाच्याही बाबतीत होत नाही. पहिल्या शंभरेक प्रती नातेवाईक, शिक्षक, पत्रकार यांना भेटच जातात. आणि छापल्याबरोबर सगळ्या प्रती जर तुमच्याच घरी येणार असतील तर त्या गृहस्थांनी प्रकाशन केलं नाही, छपाई करून दिली. छपाईच करायची तर अमरावती-अकोल्याच्या दोन छापखान्यांतून स्वतः दरपत्रक आणा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, ते पैसे मागत असतील तर तो क्रमांक केंद्र शासनाची राजा राममोहन रॉय संस्था लेखकालाही फुकट देते. खऱ्या प्रकाशकाशी व्यवहार उलटा असतो. खर्च त्याचा आणि मानधन तुम्हाला. दहा टक्के धरलं तर २०० च्या पुस्तकावर प्रतीमागं २० रुपये, ५०० प्रती खपल्या तर १०,०००. रक्कम लहान आहे, पण ती तुमच्याकडे येते, तुमच्याकडून जात नाही.

या घाईतला आणखी एक धोका तुम्हाला कोणी सांगितला नसेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्या पुस्तकासाठी असते. मंडळ अर्ज मागवतं, हस्तलिखित तपासलं जातं आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. तुम्ही आज ४५,००० देऊन पुस्तक काढलंत तर पहिलं पुस्तक होऊन गेलेलं असेल आणि हे दार बंद होईल. मी तुमच्या जागी असते तर वर्षभर थांबून आधी तिथं अर्ज केला असता.

ते वर्ष निवड करण्यात घालवा. दोन वर्षांत तुमचे शंभराच्या घरात लेख झाले असतील. पुस्तकात तीस-पस्तीस पुरेत. त्या आठवड्याच्या बातमीवर उभे असलेले लेख काढून टाका. पंचायत निवडणुकीवरचा लेख तेव्हा कितीही गाजला असला तरी आज उमेदवारांची नावं न ओळखणारा माणूस तो वाचू शकणार नाही. लग्नातल्या पंगती, एसटीची वाट, कापसाच्या चुकाऱ्याची वाट, पोराच्या शाळेतला पालक मेळावा, आणि रोही, हे टिकेल. निवडलेले लेख घरच्या माणसाला वाचायला देऊ नका, गावाबाहेरच्या आणि शक्यतो विदर्भाबाहेरच्या एका वाचकाला द्या. तो कुठं अडखळतो ते पेन्सिलीनं खुणा करून मागा.

आणि त्या प्रकाशकांनी पाठवलेल्या करारात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं एक वाक्य आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य असलेल्या कागदावर सही करू नका. लेखकाचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. उद्या तुमच्या मुलांना, नातवंडांना तो मिळणार आहे. हक्क द्यायचाच तर किती वर्षांसाठी, कोणत्या भाषेत, छापील पुस्तकापुरता की ध्वनिपुस्तक आणि नाटकाचाही, हे एकेक लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पण ‘सर्व’ आणि ‘कायमस्वरूपी’ असं तुम्हीच लिहून दिलं तर तो आधार राहत नाही. कराराची झेरॉक्स काढा, मूळ कागद त्यांना परत द्या आणि झेरॉक्स मला पाठवा. मी ओळ न् ओळ वाचून काय खोडायचं ते कळवते.